सभागृह आहे, चावी कुठे? शहराचा सांस्कृतिक आराखडा लोकांना घेऊन कसा करावा

आमच्या पहिल्या सभेला नऊ माणसं आली होती. त्यातली तिघं आमच्याच नाटकमंडळाची, एक ध्वनिक्षेपकवाला, आणि एक गृहस्थ चुकून आलेले. त्यांना घरपट्टीची तक्रार करायची होती. बुधवार, सकाळी अकराची वेळ. व्यासपीठावर पाच खुर्च्या, समोर दोनशे. मागे फलक: ‘शहराच्या सांस्कृतिक विकासासाठी नागरिकांच्या सूचना’. भाषणं झाली, सूचना मागवल्या. चार आल्या आणि चारही एकच: शहराला मोठं सभागृह हवं. रिकाम्या सभागृहात बसून आम्ही आणखी मोठं सभागृह मागत होतो, हे घरी जाताना रिक्षात लक्षात आलं.

त्यानंतर तीन वर्षं हेच काम केलं. मी शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. नाटकमंडळाची चिटणीस म्हणून या भानगडीत पडले. आमचं शहर उत्तर गोव्यातलं, लहानसं, नगरपालिका असलेलं. नाव सांगत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि ती माणसं मला रोज बाजारात भेटतात. तुमच्या शहरात किंवा गावात कोणी हे काम अंगावर घेत असेल, तर आमची निदान दोन वर्षं त्याची वाचावीत म्हणून हा लेख.

आराखडा म्हणजे काय, ते आधी सांगते. कार्यक्रमांची यादी म्हणजे आराखडा नव्हे. शहरात कोण काय गातं, वाजवतं, नाचतं, घडवतं. त्यांना जागा, वेळ, पैसा, वाट कुठे अडते. आणि पुढच्या चार-पाच वर्षांत पालिकेने त्यातलं काय सोडवायचं, एवढं लिहिलेलं वीसेक पानांचं बाड म्हणजे आराखडा.

हे पालिकेचं काम आहे का, असा प्रश्न पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारणार. उत्तर तयार ठेवा. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवायची 18 कामं आहेत. त्यात तेरावं काम सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचं. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतही 21 वा विषय सांस्कृतिक कार्यक्रमांचा आहे. गावात राहणाऱ्यांचं काम थोडं सोपं, त्यांना ग्रामसभा आहे. शहरवाल्यांना तसं हक्काचं व्यासपीठ नाही. प्रभाग समित्या घटनेनुसार तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या पालिकांतच सक्तीच्या आहेत, आणि गोव्यातली एकही पालिका त्याच्या जवळपास जात नाही. म्हणून ते व्यासपीठ आपणच मांडायचं.

आधी हे गोळा करा

कागद:
- पालिकेचा प्रभागनिहाय नकाशा आणि प्रभागांच्या हद्दी.
- मागच्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं. सांस्कृतिक कार्यक्रम, सभागृह, उद्यानं आणि उत्सवांची रोषणाई ही शीर्षं वेगळी काढून ठेवा. रोषणाईवर किती जातं आणि कलेवर किती, हे शेजारी शेजारी लिहिलं की सभेत वेगळं भाषण करावं लागत नाही.
- पालिकेच्या मालकीच्या सभागृहांची, मैदानांची, उद्यानांची यादी. भाडं आणि आरक्षणाच्या नियमांसह.
- तुमच्या शहराला बाह्यविकास आराखडा (कोणती जमीन कशासाठी, ते ठरवणारा) असेल तर तो. मोकळ्या जागा कागदावर कुठे आहेत ते त्यात दिसतं. प्रत्यक्षात तिथे काय उभं आहे ते तुम्हाला दिसेलच.

साधनं: रेघी वही, खाकी कागदाचा मोठा गुंडाळा, चिकटपट्टी, जाड मार्कर आणि तीन रंगांच्या टिकल्यांची पाकिटं. हो, कपाळावर लावायच्या टिकल्या. छापील स्टिकरपेक्षा स्वस्त, आणि पाकीट बघून बायका थांबतात.

यातली अंदाजपत्रकं मागितल्यावर मिळायला हवीत. आम्हाला ‘साहेब रजेवर आहेत’ असं तीनदा ऐकावं लागलं. चौथ्यांदा माहिती अधिकाराचा अर्ज दिला. 2005 च्या कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बावीस दिवसांत कागद हातात आले. अर्ज मराठीत करायला हरकत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आहेच, पण सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते.

1. पालिकेचा ठराव आधी, सभा नंतर

आम्ही उलट केलं. आधी लोकांकडे गेलो, वह्या भरल्या, मग पालिकेत नेल्या. तिथे विचारणा झाली, ‘हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?’ प्रश्न उद्धट असला तरी चुकीचा नव्हता.

म्हणून एखाद्या नगरसेवकाला विश्वासात घेऊन पालिका मंडळाच्या बैठकीत साधा ठराव मंजूर करून घ्या. त्यात तीनच गोष्टी असाव्यात. आराखडा किती महिन्यांत होणार. पालिकेतला कोणता कर्मचारी नोंदी ठेवणार. आणि लोकांच्या प्रत्येक सूचनेला ‘स्वीकारली’ किंवा ‘नाही, कारण अमुक’ असं लेखी उत्तर मिळणार. तिसरं कलम गाळू देऊ नका. तिथेच सगळे कचरतात.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1969 साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं गोंजारलं जातं, मधल्या पायऱ्यांवर मत विचारलं जातं, वर गेलं की निर्णयात वाटा मिळतो. आपल्याकडे बहुतेक सभा मधल्या पायरीवर होतात आणि भाषणं वरच्या पायरीची होतात. तुम्ही लोकांना नक्की काय देऊ शकता ते ठरवा आणि पहिल्या वाक्यात सांगून टाका. ‘निर्णय पालिका घेईल, पण तुमचं म्हणणं का घेतलं नाही ते तिला लिहून द्यावं लागेल’ एवढं सांगितलं तरी लोक बसतात. ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून बोलावलं आणि नंतर फिरवलं, तर पुढच्या वेळी चहालासुद्धा येत नाहीत.

सापळा: ठरावात ‘प्रतिष्ठित नागरिकांची समिती’ असे शब्द घुसतात. सावध राहा. आमच्याकडे पहिल्या यादीत अकरा नावं होती. त्यात बाई एक, तिशीच्या आतला कोणी नाही, आणि शहराला लागून असलेल्या गवंड्यांच्या वस्तीतलं तर नावच नाही. यादी बदलायला दोन महिने गेले.

2. जे चालू आहे त्याची मोजदाद करा

नवं काय हवं हे विचारण्याआधी काय आहे ते लिहा. नोंदणीकृत संस्थांची यादी कार्यालयात मिळते, पण आपल्याकडची निम्मी कला नोंदणी न करताच चालते. भजनी मंडळ देवळाच्या सभामंडपात बसतं, त्याला लेटरहेड नसतं. ढोल-ताशांवर नाचत निघणारं रोमटामेळाचं पथक शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणाच्या, पंधरवड्यात जन्माला येतं आणि नंतर आपापल्या कामाला लागतं. वाड्यावरच्या फुगडीच्या गटाचा ‘अध्यक्ष’ कोण असं विचारलं तर बायका हसतात.

म्हणून प्रभागवार हिंडा आणि माणसं, जागा, वेळा अशी तीन रकान्यांची वही भरा. मांड, म्हणजे वाड्यावरच्या लोककलांची ठरलेली जागा, कुठे आहे, कोणाच्या जमिनीत आहे. शाळेचं व्यासपीठ सुट्टीत मिळतं का. चर्चचं सभागृह तियात्राला, म्हणजे कोकणी संगीतनाटकाला, मिळतं का. दशावताराचे मुकुट कोण करतं, पेटीचे सूर कोण लावून देतं. शिंपी, रंगभूषाकार, मंडपवाला, घुमट (मातीच्या घटाला कातडं लावलेलं वाद्य) मढवणारा, हे सगळे यादीत हवेत. घुमटाला 2019 साली राज्य सरकारने वारसा वाद्याचा दर्जा दिला. पण आमच्या यादीत मढवणारा एकच निघाला, वय एकाहत्तर. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता शेळीचं लागतं. ते चांगलं मिळत नाही ही त्याची तक्रार. त्याला सन्मानाची शाल नको होती. त्याला कातडं वाळवायला छप्पर असलेली जागा हवी होती.

एक गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. धालो, जागर, रणमाले या विधीशी बांधलेल्या लोकनृत्य-नाट्यांकडे ‘कार्यक्रम’ म्हणून बघू नका. पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर बायका धालो घालतात तेव्हा ती त्यांची आणि मांडाच्या देवतेची बाब असते. आमच्यातल्या एका उत्साही पोराने न विचारता मोबाइलवर चित्रण केलं, आणि त्या वाड्याने आमच्याशी पाच महिने बोलणं टाकलं. युनेस्कोच्या 2003 च्या अमूर्त वारशाच्या करारातही हेच तत्त्व आहे: वारसा जे जपतात त्यांना बरोबर घेऊनच त्याचं काही करायचं. भारत त्या करारात 2005 पासून आहे. पण करार कशाला, घरात शिरताना आपण आवाज देतोच की. काय लिहायचं, काय लिहायचं नाही, फोटो चालेल का, हे आधी विचारा. एखादी गोष्ट वहीत येऊ नये असं कोणी म्हणालं तर ती येत नाही, संपलं.

3. लोक जिथे आहेत तिथे जा

सभेला बोलावण्याचा नाद सोडा. आम्ही नंतर जी माणसं गाठली ती बाजारात, केशकर्तनालयात, रविवारच्या मिसानंतर चर्चच्या पायऱ्यांवर, शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीबाहेर, बसस्टॅंडवर आणि देवळातल्या भजनानंतर चण्याच्या उसळीचा प्रसाद वाटताना. बांधकामावर येणाऱ्या कर्नाटकातल्या कुटुंबांशी रात्री त्यांच्या झोपड्यांजवळच बोलावं लागलं. त्यांच्यातल्या लमाणी बायकांचा नाच गेली कित्येक वर्षं आमच्या शहरात होत होता आणि आम्हा ‘सांस्कृतिक’ मंडळींना त्याचा पत्ता नव्हता.

भाषेचं साधं सूत्र धरा. बोलणं कोकणीत, लिहिणं ज्याला जे येतं त्यात. आमच्या वहीत मराठी आहे, देवनागरी कोकणी आहे, रोमी लिपीतली दोन पानं आहेत, आणि हिंदीत एका मुलाने काढलेलं ढोलकीचं चित्र आहे. कोणत्या भाषेत लिहावं यावर वाद घालणारा एक जण प्रत्येक गटात भेटतो. त्याच्या हातात मार्कर द्या आणि त्यालाच लिहायला लावा.

वेळापत्रकाचं मात्र मनावर घ्या. चतुर्थीच्या आसपास कोणी मोकळं नसतं. जत्रा, शिगमो, कार्निव्हल, लेंट, रमजान, दहावीची परीक्षा, भातलावणी हे सगळं वगळलं की वर्षात फार थोडे दिवस उरतात. आम्हाला चतुर्थी संपल्यापासून दिवाळीपर्यंतचे आठवडे सोयीचे पडले. पालिकेचं अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होतं आणि त्याची जुळवाजुळव हिवाळ्यात होते, म्हणून डिसेंबरपर्यंत लोकांचं म्हणणं कागदावर यायलाच हवं. फेब्रुवारीत दिलेली सूचना वर्षभर थांबते.

सापळा: व्हॉट्सॲपवरचं मतदान. झटपट होतं, आकडे छान दिसतात, आणि मत देणारी तीच चाळीस माणसं असतात जी सगळ्याच गटांत सुप्रभात पाठवतात. हवं तर करा, पण त्याला लोकांचं मत म्हणू नका.

4. ‘काय हवं?’ विचारू नका, ‘काय बंद पडलं?’ विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

‘काय हवं’ विचारलं की माणूस ऐकलेलं सांगतो: सभागृह, महोत्सव, मोठा कलाकार. ‘तुम्ही पूर्वी काय करायचात जे आता करत नाही?’ असं विचारलं की तो जरा थांबतो आणि मग आठवून बोलतो. त्याच्या मागोमाग तीन प्रश्न: शेवटचं कधी केलं? कुठे, किती वाजता? मग का थांबलं?

आमच्या एका प्रभागात अकरा बायकांचा फुगडीचा गट होता. स्पर्धेत बक्षीस घेतलेला. दोन वर्षांपासून बंद. मला वाटलं वय झालं असेल, किंवा मोबाइल, मालिका, नेहमीचीच कारणं. त्यांच्यातली एक, औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम करणारी, म्हणाली, “बाई, हॉल आसा, पूण चावी खंय?”

चौकशी केली. पालिकेचं सभागृह त्यांच्या घरांपासून चार मिनिटांवर. भाडंही फार नाही. पण चावी राखणदाराकडे, आणि राखणदार सहाला घरी जातो. यातल्या बऱ्याच जणी कामावरून सातला परततात. पूर्वी त्या शाळेच्या अंगणात सराव करायच्या, तिथे आता रात्री गाड्या लागतात. म्हणजे त्या गटाला नवं काहीच नको होतं. संध्याकाळी सात ते नऊ एक दार उघडं हवं होतं.

ही गोष्ट मी जितक्या सभांत सांगितली तितक्या सभांत कोणीतरी ‘आमच्याकडेही तसंच’ म्हणालं. एका तियात्र करणाऱ्या मुलाची अडचण शेवटच्या बसची. सराव संपेपर्यंत ती सुटलेली असायची. पेटीच्या वर्गाला मुली येईनात, कारण सभागृहाच्या शौचालयाला कडी नव्हती. एका आजोबांचं भजन बंद पडलं कारण पायऱ्या अकरा आणि कठडा नाही. यातल्या एकाही गोष्टीला ‘सांस्कृतिक धोरण’ म्हणून कोणी नाव दिलं नसतं. आमच्या आराखड्याचा जवळजवळ अर्धा भाग अशाच नोंदींनी भरला.

आता टिकल्यांचं सांगते. शुक्रवारी सकाळी मासळीबाजाराच्या तोंडाशी भिंतीवर खाकी कागद लावला, त्यावर मार्करने शहराचा ढोबळ नकाशा: नदी, देऊळ, चर्च, मशीद, बसस्टॅंड, शाळा. लाल टिकली म्हणजे इथे अजून काहीतरी चालतं, हिरवी म्हणजे इथे चालायचं ते थांबलं, निळी म्हणजे इथे काहीतरी करता येईल. पहिला अर्धा तास कोणी फिरकलं नाही. मग एक मासळीवाली हात पुसत आली, नकाशाकडे बघून म्हणाली, “हें देऊळ हांगा ना, अशें तकडे आसा.” आमचा नकाशा चुकला होता. तिने बोट ठेवलं, आम्ही देऊळ खोडून दुसरीकडे काढलं, आणि त्यानंतर गर्दी झाली. चुकीचा नकाशा हा उत्तम उपाय आहे हे तिथे कळलं. तेव्हापासून आम्ही एखादी चूक मुद्दाम ठेवतो.

त्याच बाईने एक हिरवी टिकली आताच्या वाहनतळावर लावली. “आमी हांगा फुगडी घालताल्यो.” तिच्यामागून आलेल्या दोघींनी त्याच जागी हिरव्या लावल्या. दुपारपर्यंत तिथे एकोणीस झाल्या. नगरसेवकांना आम्ही नंतर काही समजावलं नाही, कागद तसाच उलगडून दाखवला.

मुलांना वेगळं विचारा, आणि मोठ्यांच्या देखत नको. आई शेजारी असली की मुलगी ‘भरतनाट्यम’ म्हणते. नसली की ‘रॅप’ म्हणते.

5. भांडण होणारच, ते सभेतच होऊ द्या

मराठी-कोकणी होईल. नाटक मोठं की तियात्र, होईल. देवस्थानाचे महाजन (वंशपरंपरेने हक्क असलेले सभासद) आणि वाड्यावरचे लोक यांच्यात मानाचा प्रश्न निघेल, आणि सभामंडपात कोणी बसायचं यात जात निघेल. ही शेवटची बाब लोक कुजबुजत सांगतात. वहीत नाव न घालता लिहा, पण लिहा. आमच्या आराखड्यात एक ओळ आहे: ‘पालिकेच्या पैशातून दुरुस्त होणारी जागा सर्वांना खुली असावी.’ या एका ओळीवर तीन बैठका झाल्या.

एकत्र येण्याची उदाहरणंही आपल्याकडे आहेत. शिवोलीचा जागर नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. पण सभेत हे उदाहरण पहिल्यांदा देऊ नका, लोकांना उपदेश वाटतो. भांडून दमल्यावर कोणीतरी स्वतःच देतो.

सगळ्यात अवघड वाद आवाजाचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस राज्य ठरवतं, नगराध्यक्ष नव्हे, त्यामुळे ‘आमची जत्रा त्यात घाला’ म्हणून पालिकेशी भांडण्यात अर्थ नाही. रात्रभर चालणाऱ्या जत्रेतल्या नाटकांची सवय असलेल्या आपल्याला हे कडू लागतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर नाटकाला भोंगे लागत नाहीत, लागतात ते मध्यंतरातल्या जाहिरातींना. पण ते माझं मत. सभेत मी गप्प बसले.

गप्प बसल्यामुळेच शेजारी बोलले. मैदानाला लागून राहणाऱ्या एका घरातली मुलगी बारावीला होती आणि आजी अंथरुणावर. त्यांना नाटक नको नव्हतं, भोंग्याचं तोंड दुसरीकडे हवं होतं. व्यासपीठाची दिशा बदलली, झालं. म्हणून कलाकारांच्या सभेला शेजाऱ्यांना बोलवायला विसरू नका. ते नंतर पोलिसांकडे जाण्यापेक्षा आधी तुमच्याकडे आलेले बरे.

6. सूचनांचे तीन ढीग करा

वह्या भरल्या की घाबरायला होतं. आमच्याकडे चारशेच्या वर नोंदी होत्या. एका रविवारी मंडळाच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून ढीग केले.

पहिला ढीग पैशाशिवाय होणाऱ्या गोष्टींचा: वेळ, चावी, आरक्षणाची पद्धत, भोंग्याची दिशा. हा ढीग सगळ्यात मोठा निघतो. याला पहिल्या तीन महिन्यांत हात घाला, म्हणजे लोकांना काहीतरी हललेलं दिसतं. चावीवर पालिकेचा आक्षेप होता की तुटफूट झाली तर जबाबदार कोण. त्यावर प्रभागातल्या तीन माणसांकडे चावी, सहीची वही आणि परत मिळणारी अनामत, असा तोडगा निघाला.

दुसरा ढीग पालिकेच्या पैशाचा: कडी, कठडा, दिवे, उतरती वाट, छप्पर. प्रत्येकासमोर अंदाजपत्रकातलं कोणतं शीर्ष हे लिहा. शीर्ष नसलेली मागणी ही नुसती इच्छा असते.

तिसरा ढीग पालिकेच्या आवाक्याबाहेरचा. इथे राज्याच्या संस्थांकडे बघायचं. पणजीत पाटो इथल्या संस्कृती भवनात कला व संस्कृती संचालनालय आहे. संस्था आणि कलाकारांसाठीच्या त्यांच्या योजनांचे अर्ज आणि मुदती तिथे स्वतः जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर कागद जमवू नका. मोठ्या प्रयोगाला जागा लागते तेव्हा पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, कुडचडे, साखळी आणि वास्कोची रवींद्र भवनं आहेतच. आमच्या शहरापासून साखळीचं रवींद्र भवन जवळ आहे हे नकाशावर बघितल्यावर ‘मोठं सभागृह’ ही मागणी आपोआप खाली गेली. त्याऐवजी महिन्यातून दोनदा तिथे जायला-यायला बस, अशी मागणी वर आली.

7. मसुदा वाचून दाखवा

वीस पानं कोणी वाचत नाही. दोन पानांचा सारांश काढा, मोठ्या अक्षरांत, आणि तो ग्रंथालय, बाजार, देऊळ, चर्च, मशीद, रेशन दुकान इथे लावा. मग प्रत्येक प्रभागात एक संध्याकाळ मोठ्याने वाचा. वाचताना लोक चुका काढतात. आमच्या मसुद्यात एका वाड्याचं नावच चुकलं होतं आणि त्यांनी ते तिथल्या तिथे खोडायला लावलं.

सूचनांच्या यादीला क्रमांक द्या, समोर उत्तर द्या. नकार लपवू नका. ‘सूचना 112: नदीकाठी कायमचं खुलं व्यासपीठ. नाही, पावसाळ्यात पाणी भरतं.’ सुचवणाऱ्याला राग आला, पण तो पुढच्या सभेला आला. उत्तर न मिळालेले मात्र आले नाहीत.

वहीतले फोन नंबर आणि पत्ते या भिंतीवरच्या कागदावर येऊ देऊ नका. आमच्याकडून एकदा आले, आणि एका मुलीला नको ते फोन यायला लागले. तेव्हापासून संपर्काची वही वेगळी असते आणि ती माझ्या कपाटात असते.

8. मंजुरीनंतर

आराखडा मंजूर झाला की हार, फोटो, वर्तमानपत्रात बातमी. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि ते कोणालातरी करावंच लागतं. दर तीन महिन्यांनी यादी घेऊन पालिकेत जायचं, प्रत्येक ओळीसमोर काय झालं ते लिहून घ्यायचं, आणि तो कागद बाजारात त्याच भिंतीवर लावायचा.

पालिका मंडळ पाच वर्षांचं असतं, तुमच्या बाजूचा नगरसेवक पुढच्या वेळी असेलच असं नाही. म्हणून आराखडा एका माणसाच्या नावावर चालू देऊ नका. निवडणुकीआधी सगळ्या उमेदवारांना एकेक प्रत द्या, कोणाच्या मंचावर मात्र जाऊ नका. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली की आठवड्याच्या आत नव्या साहेबांना भेटा. त्यांच्या टेबलावर पहिला कागद तुमचा असला तर बरं.

कागदाच्या प्रती तीन ठेवा. आमची एक प्रत ग्रंथालयात आहे, एक मंडळाच्या कपाटात, आणि तिसरी पालिकेत होती. ती सापडत नाही म्हणतात. अर्ज दिला आहे, तीस दिवस येत्या मंगळवारी भरतात.